आयसीयूत सेप्सिसच्या पेशंटला अमिनो ॲसिडची बाटली: खरंच गरज असते का?

रेवती_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. आई (वय ६१, वजन ५८ किलो, बारा वर्षांपासून शुगर) गेले सात दिवस इथल्याच एका खासगी दवाखान्यात आयसीयूत आहे. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं, सेप्सिस झाला असं सांगितलं. पहिले दोन दिवस बीपी टिकत नव्हतं, नॉरॲड्रेनालिन चालू होतं. आता बीपी बरं आहे, पण व्हेंटिलेटर अजून निघालेला नाही. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन २.४, वाढलेलं.

मला विचारायचंय ते असं. चौथ्या दिवसापासून रोज संध्याकाळी औषधांची चिठ्ठी येते आणि तिच्यात अमिनो ॲसिडची (प्रोटीन ज्यापासून बनतं ते) ५०० मिलीची एक बाटली असतेच. काल मेडिकलवर विचारलं की ही कशासाठी, तर तिथला मुलगा म्हणाला, "ताकदीची आहे ताई." डॉक्टर सकाळी दोन मिनिटं भेटतात. त्यात किडनी, छाती, पुढचा खर्च एवढंच बोलून होतं, बाटलीपर्यंत गाडी जातच नाही.

इकडे घरात वेगळंच चालू आहे. मामेभाऊ तालमीत जातो, तो म्हणतो ग्लुटामाइनची (तेही एक अमिनो ॲसिडच) पावडर आणून देतो, नळीतून द्यायला सांग. मावशी म्हणते आठवडा झाला पोटात अन्न नाही, ताईला उपाशी मारताय तुम्ही. पहिले तीन दिवस आईच्या अंगावर खूप सूज होती. सूज उतरली आणि परवा चादर सरकवून पाहिलं, तर पोटरी माझ्या मुठीत मावली. ते बघितल्यापासून मला झोप नाही.

बाटली चालू ठेवायची का? पावडरचा हट्ट धरायचा का? जास्त प्रोटीन गेलं तर ती लवकर उठेल का? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

चादरवाला

ताई, आधी आईसाहेबांना लवकर बरं वाटू दे. गेल्या वर्षी आमचे वडील अठरा दिवस आत होते. पायाला यंत्राचा पत्रा लागला, शुगर होती, चार दिवस हळद लावून घरी बसले आणि पाचव्या दिवशी बडबडायला लागले. आम्हीपण रोज बाटली आणायचो, पांढरी आणि पिवळी दोन्ही. कशाची होती ते आजतागायत माहीत नाही. पण डॉक्टर सांगायलेत तर आणावं, असं माझं मत. आपण त्यातलं काय जाणतो?

हुरडा

डॉक्टर सांगतात म्हणून आणावं हे मान्य, पण विचारायला काय हरकत आहे? पैसे आपले, माणूस आपलं.

नाईट सिस्टर

रेवती, मी मूळची सोलापूरचीच, होटगी रोडला माहेर. आता पुण्यात आयसीयूत आहे, एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर मंडळी औषधाचं सांगतील, मी तुला आतलं चित्र सांगते, कारण नातेवाईकांना ते कधी दिसत नाही.

तुझी आई उपाशी आहे की नाही हे बाटलीवरून कळत नाही. नाकातून गेलेली नळी बघ. तिच्यातून दर दोन-तीन तासांनी सिरिंजने फीड जातं, नाहीतर पंपाने थेंबथेंब चालू असतं. देताना खाट डोक्याकडून तीस ते पंचेचाळीस अंश वर असते, म्हणजे फीड उलटून छातीत जात नाही. दिल्यावर साधं पाणी सोडून नळी धुतो. काही ठिकाणी आधी सिरिंज ओढून पोटात मागचं किती शिल्लक आहे तेही बघतात. खूपच परत आलं, हिरवट आलं, पोट टणक लागलं किंवा उलटी झाली, तर फीड कमी करायचं की थांबवायचं हे डॉक्टर ठरवतात.

हे सगळं एका मोठ्या तक्त्यावर तासातासाने लिहिलेलं असतं. आत गेलीस की ड्यूटीवरच्या सिस्टरला शांतपणे विचार: "फीड चालू आहे का? दिवसाला किती मिली? पचतंय का?" आम्ही सांगतो. राग येत नाही कुणाला. सकाळी आठ आणि रात्री आठ, ड्यूटी बदलायच्या वेळेला मात्र विचारू नकोस.

आणि मावशींना सांग, घरून मुगाचं कढण, नाचणीची पेज असलं काही पातळ करून आणू नका. प्रेमाने आणलेलं असतं हे कळतं मला, पण बारीक नळी अर्ध्या तासात तुंबते. मग नळी काढून नवी घालायची, म्हणजे आईलाच त्रास.

तालीम

ग्लुटामाइनबद्दल मीच लिहितो, कारण मी वापरतो आणि याबद्दल वाचलंयही. आजारपणात रक्तातलं ग्लुटामाइन कमी होतं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. रोगप्रतिकारक पेशी आणि आतड्याचं अस्तर त्याच्यावरच चालतं. जे कमी आहे ते भरून द्यायचं, यात चूक काय? अंगात पाणी कमी झालं तर सलाइन लावतातच की. रेवतीताई, तुमचा भाऊ काही वेडं सांगत नाही.

रात्रपाळी

मी आयसीयूत काम करणारा डॉक्टर. रेवती यांच्या आईला मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्या उपचाराबद्दल निकाल देणार नाही. विषयाबद्दल मात्र लिहितो, कारण 'तालीम' यांनी जे लिहिलंय तेच आम्हीही अनेक वर्षं मानत होतो.

ग्लुटामाइन कमी होतं हे बरोबर. ज्यांच्यात ते फार कमी, त्यांच्यात मृत्यू जास्त, हेही दिसलं होतं. म्हणून भरून बघायचं ठरलं. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 'रेडॉक्स' नावाचा अभ्यास आला. कॅनडा, अमेरिका आणि युरोपातले ४० आयसीयू, १,२२३ पेशंट. सगळे व्हेंटिलेटरवर आणि किमान दोन अवयव कोलमडलेले. निम्म्यांना शिरेतून आणि नळीतून दोन्हीकडून भरपूर ग्लुटामाइन दिलं. २८ दिवसांत ग्लुटामाइन मिळालेल्यांपैकी ३२.४ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २७.२ टक्के. सहा महिन्यांचा हिशेब काढला तेव्हाही ग्लुटामाइनवाल्यांचेच मृत्यू जास्त. नंतरच्या विश्लेषणात ज्यांच्या किडन्या सुरुवातीलाच बिघडलेल्या होत्या त्यांना जास्त नुकसान दिसलं.

पुढच्याच वर्षी 'मेटाप्लस' आला. नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियममधले ३०१ पेशंट. ग्लुटामाइन, माशाचं तेल, सेलेनियम वगैरे घातलेलं खास फीड दिलं. इन्फेक्शन कमी झालं नाही. शस्त्रक्रियेविना भरती झालेल्या पेशंटांत तर सहा महिन्यांचे मृत्यू उलट वाढले. भाजलेल्यांना तरी उपयोग होईल अशी शेवटची आशा होती. २०२२ मध्ये बाराशे भाजलेल्या पेशंटांचा मोठा अभ्यास आला, त्यातही फायदा नाही.

तेव्हा क्रिएटिनिन २.४ असलेल्या आईच्या नळीतून तालमीतली पावडर जाऊ देऊ नका. हे मात्र मी न पाहताही ठामपणे सांगतो.

तालीम

डॉक्टर, आकडे वाचले. पण मग कमी असलेलं भरून दिल्यावर माणूस बिघडतो कसा? हे पटत नाही. वाद घालायचा म्हणून विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

रात्रपाळी

चांगला प्रश्न आहे, आम्हीही यावर खूप डोकं लावलंय.

एक तर, रेडॉक्समधल्या काही पेशंटांची पातळी आधी तपासली होती आणि त्यांतल्या बहुतेकांची कमी नव्हतीच. म्हणजे भरलेल्या हंड्यात पाणी ओतलं गेलं. दुसरं, कमी पातळी हे आजाराचं कारण आहे की आजार किती मोठा आहे त्याची खूण, हे नुसत्या पातळीवरून कळत नाही. ताप मोजता येतो, पण थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरत नाही.

तिसरं म्हणजे, प्रत्येक अमिनो ॲसिडात नायट्रोजन असतो. शरीराने त्याचं प्रोटीन बांधलं तर ठीक. नाही बांधलं तर तो नायट्रोजन यकृताने युरिया करायचा आणि किडनीने बाहेर टाकायचा. सेप्सिसमध्ये नेमकं यकृत आणि किडनी हेच दोघे दमलेले असतात.

आणि बांधलं का जात नाही? सेप्सिस म्हणजे नुसते जंतू नव्हेत. जंतूंना उत्तर देताना शरीराचा स्वतःवरचाच ताबा सुटतो आणि अवयव निकामी व्हायला लागतात. २०१६ साली व्याख्या बदलली ती याच अर्थाने. या वादळात स्नायू वितळवून अमिनो ॲसिड बाहेर काढा असा हुकूम सुटलेला असतो, इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही आणि माणूस खाटेवर निश्चल पडलेला असतो. अशा वेळी बाहेरून विटांचा ट्रक आला तरी गवंडी कामावर नाही. विटा दारात पडून राहतात आणि रस्ता अडतो.

चादरवाला

गवंड्याचं उदाहरण मला समजलं डॉक्टर. माग बंद असताना सूत आणून टाकलं तर त्याची चादर होत नाही, गोदाम तेवढं भरतं.

पूर्वभाग

चादरवाला अण्णा, एकदम बरोबर बोललात.

माझा अनुभव लिहिते. नवऱ्याला आतड्याचं ऑपरेशन करायचं होतं, तेव्हा आधी पाच दिवस आर्जिनिनवाली पावडर प्यायला दिली होती. पाच दिवस रोज तीन वेळा. चव अशी होती की शेवटी ताकातून दिली. ऑपरेशन चांगलं झालं, जखम चांगली भरली. मग सेप्सिसमध्ये आर्जिनिन का देत नाहीत? तेपण अमिनो ॲसिडच ना?

रात्रपाळी

अक्का, तुमच्या यजमानांना दिलं ते योग्यच होतं. ठरवून केलेल्या मोठ्या पोटाच्या ऑपरेशनआधी अशा पावडरीने जखमेचं इन्फेक्शन कमी होतं, याला चांगला आधार आहे.

सेप्सिसमध्ये गोष्ट उलटते. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. हा वायू रक्तवाहिन्यांना निरोप देतो या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. सेप्टिक शॉकमध्ये बीपी पडतं ते बऱ्याच अंशी याच्यामुळे. रेवती यांच्या आईला नॉरॲड्रेनालिन लावून वाहिन्या आवळून धरल्या होत्या, त्यांना त्याच वेळी आर्जिनिन देणं म्हणजे एका हाताने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने सोडायची. सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१६ मध्ये ग्लुटामाइन वापरू नका आणि आर्जिनिन टाळा असं म्हटलं, ते यातूनच.

औषधवाला

मेडिकल चालवतो म्हणून दोन गोष्टी. लोक तीन बाटल्यांत कायम गल्लत करतात. अमिनो ॲसिडची बाटली वेगळी. ग्लुकोज, अमिनो ॲसिड आणि स्निग्ध पदार्थ अशा तीन कप्प्यांची मोठी पिशवी येते ती वेगळी. आणि अल्ब्युमिनची छोटी, महागडी बाटली वेगळी. अल्ब्युमिन हे रक्तातलंच प्रोटीन आहे, पण ते जेवण नाही. "प्रोटीन कमी झालंय म्हणून अल्ब्युमिन आणा" असं ऐकून लोक दागिने मोडतात.

दुसरं, बाटलीवर टक्केवारी असते ती वाचा. १० टक्के म्हणजे ५०० मिलीत ५० ग्रॅम अमिनो ॲसिड. पाच टक्के असेल तर निम्मं. बाटली उन्हात ठेवू नका, उघडून उरलेली दुसऱ्या दिवशी वापरू नका.

आणि आमच्या काउंटरवरच्या मुलांनी "ताकदीची" म्हणू नये. माझ्या दुकानात मी ते बंद केलंय.

हुरडा

अल्ब्युमिनचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या काकूंच्या वेळी दोन बाटल्यांसाठी काकांनी रात्री अकरा वाजता सात रस्त्यापासून स्टेशनपर्यंत पाच दुकानं पालथी घातली होती. अल्ब्युमिन कमी म्हणजे खाल्लं नाही म्हणून कमी, असंच आम्ही समजत होतो.

नाईट सिस्टर

@हुरडा, सेप्सिसमध्ये अल्ब्युमिन पडतं ते वाहिन्या गळक्या झाल्याने आणि यकृत दुसऱ्या कामाला लागल्याने. चांगला जेवलेला धडधाकट माणूससुद्धा तिसऱ्या दिवशी २.५ वर आलेला मी बघितलाय.

कडकभाकरी

मी आहारतज्ज्ञ. वरचं वाचून कुणाचा असा समज नको व्हायला की प्रोटीन देऊच नये. द्यायचं असतं. फक्त किती आणि कधी, यात सगळी मेख आहे.

युरोपीय मार्गदर्शक सूचनेनुसार आयसीयूत हळूहळू वाढवत दिवसाला किलोमागे १.३ ग्रॅमपर्यंत जायचं. रेवतीच्या आईचं वजन ५८, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम. पहिल्या दिवशी नाही, काही दिवसांत चढत चढत. पोट चालत असेल तर नळीतूनच. आता औषधवाल्यांचा हिशेब पुढे नेते. १०० ग्रॅम सुट्या अमिनो ॲसिडांपासून प्रोटीन बनतं ते सुमारे ८३ ग्रॅम, कारण जोडताना प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू निघून जातो. म्हणजे १० टक्क्यांची ती अख्खी बाटली प्रोटीनच्या भाषेत ४१-४२ ग्रॅम. नळीतून पूर्ण फीड जात असेल आणि वर ही बाटलीही असेल, तर बेरीज कुठे जाते ते बघायला हवं.

जास्त दिलं तर काय होतं तेही तपासून झालंय. २०२३ साली लान्सेटमध्ये १६ देशांतल्या ८५ आयसीयूंचा 'एफर्ट' अभ्यास आला. १,३०१ पेशंट, एका गटाला किलोमागे २.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त द्यायचं ठरवलं, दुसऱ्याला १.२ किंवा कमी. जास्त प्रोटीनवाले लवकर घरी गेले नाहीत. किडनी बिघडलेल्यांना आणि अनेक अवयव कोलमडलेल्यांना तोटाच झाला. २०२४ च्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या अभ्यासात २ ग्रॅमवाल्यांच्या नंतरच्या जगण्याचा दर्जा १.३ ग्रॅमवाल्यांपेक्षा उणा निघाला.

मी नवीन होते तेव्हा प्रत्येक फीडमध्ये एक चमचा प्रोटीन पावडर जास्तीची घालायला सांगायचे, वाटायचं भलं करतेय. आता नाही सांगत.

तालीम

कडकभाकरी ताई, पण एक बातमी वाचली होती की अमिनो ॲसिड शिरेतून दिल्याने किडनी वाचते. २०२४ चीच. मग किडनीला धोका की फायदा, नक्की काय?

रात्रपाळी

बातमी खरी आहे. ३,५११ पेशंट, हृदयाची शस्त्रक्रिया. अमिनो ॲसिड मिळालेल्यांत किडनीला इजा २६.९ टक्क्यांना झाली, न मिळालेल्यांत ३१.७ टक्क्यांना. अमिनो ॲसिड गेलं की किडनीकडे रक्त वाढतं, त्याचा तिथे उपयोग झाला. पण ते ऑपरेशनची तारीख घेऊन, पोटभर जेवून आलेले लोक होते. किडनीला मार बसण्याआधीच बाटली सुरू झाली होती. सेप्सिसचा पेशंट आपल्याकडे येतो तो मार बसल्यानंतर. त्या अभ्यासाच्या आधारे सेप्सिसमध्ये बाटली लावा असं मी म्हणणार नाही. उद्या सेप्सिसमध्ये नीट चाचणी झाली आणि फायदा दिसला तर पहिल्यांदा मीच इथे येऊन लिहीन.

संपादक

चर्चा उत्तम चालली आहे. एवढंच सांगणं की औषध चालू-बंद करण्याचा निर्णय पेशंटच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

चादरवाला

मला एक सांगायचंच आहे, विषय थोडा सुटेल, माफ करा.

वडील घरी आले तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. पण त्यांना पलंगावरून उठता येईना. चाळीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस. हाताने पाणी प्यायला तांब्या उचलला तर तांब्या थरथरायचा. आम्ही रोज खिमा, अंडी, दूध, सगळं चारलं. महिनाभर काही फरक नाही. मग फिजिओथेरपीचा एक पोरगा यायला लागला. खुर्चीवरून उठा-बसा, दिवसाला पाच वेळा, मग दहा. दाराच्या चौकटीला धरून टाचा उचलायच्या. दोन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी सिद्धेश्वराच्या देवळात गेले, तळ्याच्या कडेने चालत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खाणं तेच होतं, बदललं होतं ते हलणं.

रात्रपाळी

अण्णा, विषय सुटलेला नाही, तुम्ही मुद्द्यावरच आलात. २०१३ सालीच जामा या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. आयसीयूतल्या पेशंटांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तर दहा दिवसांत त्याचं क्षेत्रफळ सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलं होतं. रेवती यांनी चादर सरकवून जे पाहिलं ते हेच. नुसतं पोषण वाढवून ही घसरण थांबवता आलेली नाही. मूळ इन्फेक्शन आटोक्यात येणं, झोपेचं औषध लवकर कमी करणं आणि शक्य तितक्या लवकर हातपाय हलवणं यावर जोर हवा.

नाईट सिस्टर

रेवती, भेटायच्या वेळेत तू काय करू शकतेस ते ऐक. सिस्टरला विचारून आईचे घोटे हळूहळू वर-खाली हलव, बोटं उघड-मीट कर. शुद्धीवर असेल तर "माझा हात दाब" म्हण. नळ्या कुठे आहेत ते आधी बघून घे. हे बाटलीइतकंच उपचार आहे आणि ते तुझ्या हातात आहे.

पूर्वभाग

सिस्टर, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही पायाशी उभं राहून रडून परत यायचो.

रेवती_जुळेसोलापूर

सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. आज सिस्टरताईंनी सांगितलं तसं विचारलं, दुपारी, ड्यूटी बदलायची वेळ टाळून. सिस्टरने तक्ता दाखवला. चौथ्या दिवशी पोट फुगलं होतं, नळीतून दिलेलं सगळं परत येत होतं, म्हणून फीड थांबवलं होतं. बाटली तेव्हापासूनची. काल सकाळपासून फीड पुन्हा चालू आहे, ताशी ४० मिली, पचतंय. मग मी डॉक्टरांना विचारलं, आता बाटली हवी का? त्यांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, "नको, बंद करतो. आधीच काढायला हवी होती, राहून गेली." आजच्या चिठ्ठीत ती नव्हती.

म्हणजे कारण होतं. फक्त आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि कारण संपल्यावर ती चालूच राहिली. चार दिवस मी त्या डॉक्टरांबद्दल मनात वाईट विचार केले, त्याचंही वाईट वाटतंय.

आईने आज माझा हात दाबला.

हुरडा

शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं.

रात्रपाळी

छान बातमी. आता हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो, रेवती यांच्या डॉक्टरांवर टीका म्हणून नाही. नळीतून फीड चालत नसेल तर शिरेतून पोषण द्यावं लागतं हे खरं, पण घाई नको. २०११ साली बेल्जियममध्ये ४,६४० पेशंटांवर अभ्यास झाला. शिरेतलं पूरक पोषण सुरुवातीलाच लावण्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेल्यांना इन्फेक्शन कमी झालं आणि ते लवकर बरे झाले. आणि द्यायचंच असेल तर सोबत ग्लुकोज आणि स्निग्ध पदार्थ हवेत. नुसतं अमिनो ॲसिड दिलं तर शरीर त्यातलं बरंचसं जळण म्हणून वापरतं. सागवानी फळ्या चुलीत घालण्यासारखं होतं ते.

तालीम

भावाला माझ्याकडून सांगा, पावडर स्वतःच वापर म्हणावं. मीही माझं मत बदललं.

रेवती_जुळेसोलापूर

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. आई बाराव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाली, एकविसाव्या दिवशी घरी आली. क्रिएटिनिन १.३. वजन ४९. उभी राहते, भिंत धरून चार पावलं टाकते. चादरवाला अण्णांची खुर्चीवरची उठबस रोज करून घेते, आज सात झाल्या.

आता जेवणाचं विचारायचंय. तिला भाकरी आणि शेंगाचटणी याशिवाय काही नको असतं. दूध बघितलं की तोंड फिरवते. चालेल का एवढ्यावर?

कडकभाकरी

रेवती, आता खरी खायची वेळ आली. गवंडी कामावर परत आलाय, आता विटा हव्यात.

शेंगाचटणी देच. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन असतं. पण एक अडचण आहे. आपल्या शरीराला नऊ अमिनो ॲसिडं बाहेरूनच घ्यावी लागतात. त्यातलं लायसिन ज्वारीत फार कमी आणि शेंगदाण्यातही बेताचंच. म्हणजे भाकरी-चटणी ही आपली लाडकी जोडी एकमेकांची उणीव भरत नाही. ती भरतात डाळ, दही, अंडं. म्हणून भाकरी आमटीत कुस्करून दे आणि चटणीवर घट्ट दही घाल. दूध नको असेल तर सोडून दे, दह्यात तेच आहे. दिवसभरात तीन-चार वेळा थोडं थोडं, एकदम ताट भरून नको. किती ग्रॅम ते किडनीच्या पुढच्या रिपोर्टवर ठरवू, तोवर अंडं एकच. शुगरच्या गोळ्या-इन्सुलिनकडे लक्ष ठेव, खाणं वाढलं की डोस बदलावा लागतो.

पूर्वभाग

दह्यात शेंगाचटणी आणि वरून कच्चा कांदा. आमच्याकडे बाळंतिणीलासुद्धा देतात. करून बघ ताई.

रेवती_जुळेसोलापूर

केलं. आमटीत कुस्करून दिलेली भाकरी खाल्ली, दही-चटणी बोटाने चाटून संपवली. मग म्हणाली, कडक भाकरी आण, फडताळात असेल. मी म्हटलं, दातांना झेपणार नाही. तर म्हणाली खायची नाही, नुसती दे. दोन्ही हातांत धरली आणि मोडायला लागली. पहिल्यांदा नाही मोडली. दुसऱ्यांदा मांडीवर टेकवून दाबली आणि मोडली. आवाज स्वयंपाकघरात मावशीला ऐकू गेला, ती पिठाच्या हातांनी धावत आली.

रिपोर्ट सोमवारी आहे. कडकभाकरी ताई, आला की इथेच आकडा टाकते.

कडकभाकरी

टाक. पोटॅशियमपण तपासून घे त्यातच.